शांताचं पाकीट

मंगळवार, २ जुलै १९४६. सातारा.
टपाल आलं. आमचं काही नाही. पोस्टमन गणपतराव आता दारापर्यंत येतच नाहीत, कोपऱ्यावरूनच मान हलवतात. शांता म्हणाली, "उद्यापासून आपण आत बसू गं. त्यांना तरी किती अवघडायला लावायचं." मी हो म्हटलं. उद्या परत दोघी दारातच असणार.

मुंबईची मुलाखत होऊन आज एकोणीस दिवस. एम्.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राची जागा एक. सांगलीच्या आमच्या कॉलेजातून अर्ज दोन, माझा आणि शां.चा. चार वर्षं एका बाकावर बसलो, आता एका शाळेत हंगामी शिकवतो, एका खोलीत राहतो. एका स्टोव्हवर भात शिजतो. ह्या विषयावर मात्र बोलत नाही.

मुलाखतीला म्हाताऱ्या प्रोफेसरांनी शां.ला सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी दाखवून पाऊण तास विचारलं. ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते. मला दोनच प्रश्न. दुसरा, लग्न ठरलंय का.

शनिवार, ६ जुलै.
हेडबाईंनी बोलावलं होतं. शाळेत एक जागा कायम करायची आहे. "तुम्ही घ्या. महिनाअखेरपर्यंत सांगा." शां.ला विचारलेलं नाही. तिचं बोलणं गावाकडचं वाटतं म्हणे. मी तिला हे सांगितलं नाही.

पाचवीच्या चाळीस वह्या. सगळ्यांनी पानाचं चित्र एकसारखं काढलंय, माझंच फळ्यावरचं, चुकीसकट.

थकवा कसला येतो कळत नाही. काम तर काही फार नाही.

मंगळवार, ९ जुलै.
आटपाडीहून तार. शां.च्या वडिलांना, सुभेदारांना, आठ दिवस ताप आहे, उतरत नाही. घरात एक म्हातारी आत्या, तिला धड दिसत नाही. आई मागेच गेली. शां. उद्या पहाटेच्या मोटारीने जाणार.

ट्रंक भरताना म्हणाली, "माझं आलं तर लगेच धाड. तुझं आलं तर घे आणि जा. माझ्यासाठी थांबू नकोस."
मी म्हटलं, एवढ्यात काही येत नाही.

बुधवार, १० जुलै.
ती पहाटे गेली. दुपारी गणपतराव दारापर्यंत आले.

पाकीट लांबट, जाड कागदाचं, डाव्या कोपऱ्यात मुंबईच्या संस्थेचं नाव छापलेलं. माझं वाटून हात पुढे केला. नाव शांताचं.

"तुमचं बी येईल की दोन दिवसांत," गणपतराव म्हणाले. मग म्हणाले, उद्यापासून संप आहे, कुठलंच टपाल हलायचं नाही, काही पाठवायचं असेल तर आत्ताच द्या.

तिथेच आटपाडीचा पत्ता लिहून परत त्यांच्या हातात दिलं असतं तर संध्याकाळच्या थैलीत गेलं असतं. पेन आत टेबलावर होतं. मी म्हटलं, काही नाही.

गुरुवार, ११ जुलै.
संप लागला. पोस्टाच्या दाराला कुलूप नाही, पण आत कुणी नाही. गणपतराव आणि आणखी चारजण पायरीवर बसलेले. मला बघून उठले. "बाई, आता आमी बी वाट बघतोय."

पाकीट माझ्या ट्रंकेत ठेवलं आहे. आता पाठवता येत नाही, हे खरंच आहे. कुणीही विचारलं तर हेच सांगेन. हे दिवसभर मनात घोकते आहे. म्हणजे काय ते मला समजतं.

शनिवार, १३ जुलै.
शां.चा मामेभाऊ वसंता आला. पुण्याच्या पलटणीत हवालदार आहे, महिन्याच्या रजेवर आटपाडीला चालला होता. सुभेदारांसाठी मोसंबी घेतली होती. दारातच उभा राहिला.
"शांताला काय द्यायचं हाय का?"
तिची निळी साडी दिली, चष्म्याची डबी दिली, तिचं अर्धं राहिलेलं विणकाम दिलं. साडी माझ्या ट्रंकेत राहिली होती, त्यासाठी ती उघडली. पाकीट सगळ्यात वर होतं. साडी त्याच्या खालून काढली.
"आणि काय?"
"नाही. एवढंच."

एकच जागा. पाकिटात काय आहे मला माहीत नाही. नकारही असेल. नकार एवढ्या जाड कागदात…

रविवार, १४ जुलै.
माझे आप्पा आले. कुंडलहून गाडीने, मग स्टेशनपासून टांग्याने. घरून अव्वाने, आईने, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पाठवल्या. तिचा चातुर्मास लागलाय, एक वेळच जेवते. ऐकत नाही म्हणाले.

आप्पा खुर्चीवर बसत नाहीत, भिंतीला टेकून खालीच बसले. ज्वारीच्या तीन कणसांची पुरचुंडी सोडली. दाण्यांच्या जागी काळी भुकटी. गेल्या हंगामातली, माझ्यासाठी जपून ठेवली होती.
"काणी म्हणतोय आमी हिला. तुज्या पुस्तकात काय म्हणत्यात?"
सांगितलं. बीजापासून कशी येते तेही सांगितलं. लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "गावात रोज इचारत्यात, पोरीचं काय झालं. आदी सांगत हुतो, आज येईल, उद्या येईल. आता म्हणतो, व्हईल." थोड्या वेळाने, "शाळेतली जागा बी वाईट न्हाई. कवा तरी तू बी दमशील."

दमलेच आहे. पाकिटाचं त्यांनाही सांगितलं नाही. जाताना त्यांनी शां.च्या वडिलांची चौकशी केली. म्हणाले, एकदा जाऊन ये बघून.

मंगळवार, १६ जुलै.
आज शाळा सुटल्यावर पाकीट खिडकीशी उजेडात धरलं. आतला कागद तिघडी. एका घडीच्या कडेला टंकलेली ओळ थोडी दिसते. "…or before 20th July". त्यापुढचं नाही.

नकाराला तारीख देत नाहीत.

बुधवार, १७ जुलै.
काही केलं नाही. शाळेत गेले, शिकवलं, परत आले. जेवले नाही. एकच हिशेब सारखा: तिने कळवलं नाही तर पुढचं नाव माझं असेल. असेलच असंही नाही.

चार वर्षं तिने माझ्या काचपट्ट्या करून दिल्या. माझा हात कापतो, तिचा नाही. प्रॅक्टिकलच्या आधी माझं सामान ती पुसून ठेवायची.

गुरुवार, १८ जुलै. आटपाडी.
पहाटेच्या मोटारीने निघाले. हेडबाईंना चिठ्ठी ठेवली. दहिवडीला मोटार बदलली, म्हसवडच्या पुढे चाक बसलं, दोन तास बाभळीखाली. इकडे पाऊस नाहीच. पाकीट पोलक्यात ठेवलं होतं, घामाने कड ओली झाली.

दिवस मावळताना पोचले. शां. अंगणात वडिलांची चादर पिळत होती. मला बघून वाटलं असावं, माझंच काही झालं. "तुझं पत्र आलं?"
"तुझं."

उभ्या उभ्या फोडलं. वाचलं. मला दिलं. "वाच." जागा दिली आहे, वीस तारखेपर्यंत स्वतः हजर राहून नाव नोंदवावं, न आल्यास दुसऱ्यास देण्यात येईल.

तोवर तिने पाकीट उलटं करून शिक्का बघितला होता.
"दहा तारखेचा शिक्का हाय."
"संप लागला ना."
"वसंता तेराला आलता तुझ्याकडं."
"विसरले."
तिने चादर दोरीवर टाकली, नीट ताणली.

शुक्रवार, १९ जुलै. आटपाडी.
शां. सकाळच्या मोटारीने विट्यावरून कराडला गेली. वसंता गाडीत बसवून येईल. कराडची गाडी वेळेवर मिळाली तर उद्या दुपारी मुंबई. उद्या शनिवार. संस्थेची कचेरी एक वाजेपर्यंत.

ती जायला तयार नव्हती. "आबांस्नी कुणावर टाकू?" मी म्हटलं, मी राहते. सुभेदार खाटेवरूनच म्हणाले, "जा म्हणतोय न्हवं. हुकूम समज."

मोटारीच्या टपावर ट्रंक चढवत होते तेव्हा तिला म्हटलं, "शांता, मी विसरले नव्हते."
"मला ठाव हाय. तू काय इसरत न्हाईस."
रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग औषधाच्या वेळा सांगितल्या, पेज किती पातळ हवी ते सांगितलं. परळला मावशीकडे उतरणार, पत्ता माझ्या हातावर पेनने लिहिला. मोटार सुटल्यावर तिने मागे बघितलं की नाही, धुळीत दिसलं नाही.

रविवार, २१ जुलै. आटपाडी.
वसंता काल परत आला. कराडला गाडी दीड तास उशिरा आली म्हणे. पण मिळाली. दीड तास उशीर म्हणजे पुण्याहून मुंबईची पुढची गाडी कुठली, हे आम्ही दोघांनी बोटांवर मोजून काढलं आणि सोडून दिलं.

सुभेदारांचा ताप आज उतरला. उशीला टेकून बसले, पेज सगळी प्यायले. विचारलं, "तुजं पत्र आलं न्हाई व्हय?"
"नाही."
रिकामं भांडं माझ्या हातात दिलं. मग आपणहून सांगायला लागले. बर्मात होते तेव्हा सहा महिने घरचं पत्र नाही. मग एकदम पोतं आलं. त्यात आत्याने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं एक कार्ड, की शांताची आई गेली. तारीख पाच महिन्यांपूर्वीची.
"त्या पाच म्हयन्यांत मी तिला चार पत्रं धाडली. एकात लिवलंतं, लुगडं घेतलंय, कसल्या रंगाचं ते आल्यावर बघ."
मी पेजेचं भांडं धरून बसले होते.
"लुगडं हाय अजून. शांता नेसत न्हाई."

त्यांना सांगायचं मनात होतं, की पाकीट आठ दिवस माझ्याकडे होतं. त्यांनी डोळे मिटले. झोपले असतील किंवा नसतील.

मंगळवार, २३ जुलै. सातारा.
परत. पावसाची बारीक झिमझिम, खोलीत सगळ्याला ओलसर वास. शां.ची खाट उभी करून ठेवली, मग परत आडवी घातली. हेडबाई एवढंच म्हणाल्या, "आजारी माणूस तुमचं कोण?" मैत्रिणीचे वडील, म्हटलं. मस्टरवर लाल शाईने गैरहजर.

शां.चं काही कळायला मार्ग नाही. संप चालूच.

आधी स्वतःच्या पत्राची वाट बघत होते, तेव्हा निदान दुपारी एकदाच दाराशी जायचे. आता टपाल नाही, तरी सारखी.

बुधवार, ३१ जुलै.
महिनाअखेर. हेडबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ती जागा शांताला विचारा, ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, मुलींना तिचं बोलणं लगेच समजतं. बाईंनी चष्मा काढला. "त्यांचं तर मुंबईला झालं म्हणता ना?"
झालं की नाही तेच माहीत नाही, हे त्यांना कसं सांगू. पंधरा ऑगस्टपर्यंत थांबते म्हणाल्या.

गुरुवार, ८ ऑगस्ट.
संप मिटला. गणपतरावांनी दाढी केली होती. "पोती पडल्याती बाई खोलीभर. जसं हाताला लागंल तसं आणतोय. आदीचं मागं, मागचं आदी, काय इचारू नका."

आज वसंताचं कार्ड. सुभेदार काठी घेऊन मळ्यापर्यंत जातात. शांताचं काही कळलं का, असं त्यानेच मला विचारलंय.

शनिवार, १० ऑगस्ट.
लांबट पाकीट. ह्या वेळी नाव माझं.

जिन्यातच फोडलं. एक जागा रिकामी झाली आहे, ती मला देण्यात येत आहे. टपालाची अडचण ध्यानात घेऊन मुदत १७ ऑगस्टपर्यंत. वर तारीख २४ जुलै.

शां. २० तारखेला पोचायची. किंवा रविवार सोडून २२ ला. पत्र २४ चं.

पायरीवर बसून राहिले. गणपतराव म्हणाले, "चांगलं हाय न्हवं?" मी विचारलं, मुंबईहून दुसरं काही? परळचं? त्यांनी पिशवीतला सगळा गठ्ठा माझ्यासमोर एकेक करून काढला. नव्हतं. "अजून सहा पोती हायत की," म्हणाले.

रविवार, ११ ऑगस्ट.
सकाळी शां.ला पत्र लिहिलं. चार ओळी. मला बोलावलंय, ती जागा तुझी आहे का, ते कळव. फाडलं. तिने हे कार्डावर कसं लिहायचं? आणि पोत्यांच्या ढिगातून ते १७ च्या आत येणार कधी?

प्रोफेसरांनी आणखी कुणाला घेतलं असेल आणि तो आला नसेल. शां. वेळेत पोचली असेल आणि ही दुसरीच जागा असेल. किंवा शनिवारी एक वाजून दहा मिनिटांनी कचेरीच्या बंद दाराशी ट्रंक घेऊन ती उभी असेल. तिन्ही गोष्टी आळीपाळीने खऱ्या वाटतात.

आप्पांना अजून कळवलं नाही. कळवलं तर आजच गावभर सांगतील.

हेडबाईंच्या घरी जाऊन रजेचा अर्ज दिला. कारण: खासगी काम. त्या म्हणाल्या, ह्या वेळी जागा राखून ठेवता येणार नाही. ठीक आहे म्हटलं.

मंगळवारच्या गाडीने निघते. संस्थेचं पत्र बरोबर घेतलंय, पण आधी परळ. मावशीकडे. दार शां.नेच उघडलं तर तिच्या तोंडावरूनच कळेल, विचारावंही लागणार नाही बहुतेक. पुढे संस्थेत जायचं का उलट्या पावली साताऱ्याची गाडी धरायची, ते तिथल्या तिथे. ती मला आत घेते का, हेही.