सावकाश गार होऊ द्यावे

३ मार्च
ही आज माहेरी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. बॅग भरली, गॅसचा नॉब तपासला. दाराशी बराच वेळ उभी होती, चप्पल सापडत नसावी. काळजीचं कारण नाही. तापलेली वस्तू एकदम गार केली की तडकते, सावकाश केली की टिकते. माझं आयुष्य भट्टीपाशी गेलंय, मला कोण शिकवणार? संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.

७ मार्च
लॅबमध्ये नवी प्लेट भट्टीत घातली. सिरॅमिक, आत फायबर. लॅबप्रमुख मॅडम म्हणाल्या, फायबरवर पातळ कोटिंग द्या, दोघांना जरा सरकायला जागा हवी. म्हटलं, जागा कशाला? घट्ट चिकटलेलं बरं. कूलिंग मात्र मुंगीच्या पावलांनी ठेवलं.
फोन केला नाही. दोनदा हातात घेतला, तो वेळ बघायला.

१२ मार्च, सकाळी
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, एकदा येऊन ताईशी बोला. म्हटलं, घाई नको, गार होऊ दे. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

१५ मार्च
प्लेट निघाली. एक तडा नाही! मॅडमना कौतुक नाही. म्हणे दोघं तापतात एकत्र, पण गार होताना एक जास्त आकसतं, एक कमी. कितीही सावकाश गार करा, ताण आत राहतोच, वरून दिसत नाही. पुस्तकी बाई.
हिला प्लेटचा फोटो पाठवला. तिने पाहिला. उत्तर नाही. थक्क झाली असेल.

१८ मार्च
प्लेटची टेस्ट. मशीनने जेमतेम वाकवली आणि टक्. सरळ दोन तुकडे. मॅडम म्हणाल्या, घट्ट चिकटले म्हणून सिरॅमिकबरोबर फायबरही तुटले. मशीनचा दोष. तरी अर्धी रजा टाकून तडक सासुरवाडी गाठली.

१८ मार्च, संध्याकाळी
ही म्हणाली, मी रागावले नव्हतेच. त्या दिवशी दाराशी उभी होते, ‘कुठे चाललीस’ एवढं तरी तू विचारशील म्हणून. म्हटलं, मी सावकाश गार होऊ देत होतो. म्हणाली, झालं गार. मग चहात साखर किती, ते तिने मला विचारलं. लग्नापासून मी बिनसाखरेचा घेतो.
घरी आलो. डोळे सारखे भरून येतायत. भट्टीची धग लागली असणार.
भट्टी आज बंद होती.