लिहिणारा, विकणारा आणि रंगराव

प्रिय आप्पा,

तुम्ही जाऊन नऊ महिने झाले. आजवर पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण मनातल्या मनात तुमच्याशी रोज बोलत होतेच. आज लिहिते आहे ते भांडायला. मनातल्या मनात भांडले, की थोड्या वेळाने मीच तुमच्या बाजूने बोलायला लागते!

आधी रंगरावाची ओळख करून देते. रंगराव म्हणजे शॅमेलियन, रंग बदलणारा झाडावरचा सरडा. ऑफिसातली एक मुलगी देश सोडून चालली होती, तिने पिंजरा आणि दिव्यासकट माझ्याकडे सोपवला. आला तेव्हा तीन महिन्यांचा होता, शेपूट सोडली तर माझ्या बोटाएवढा. आई फोनवर म्हणाली, "घरातली पहिली ग्रॅज्युएट, आयर्लंडला गेली, आणि पाळलं काय, तर सरडा?" तुम्ही हसला असता. जन्मभर गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून बैलांच्या जखमा धुणाऱ्याची मुलगी मी, जीव दारात आला तर नको कसं म्हणणार?

इथल्या डंडॉक गावातलं माझं काम तुम्हाला कधी नीट समजलं नाही. लोकांनी पाठवलेली ओळखपत्रं खरी की खोटी, ते मी तपासते. "म्हणजे संशय घ्यायचा पगार? तो तर मी तुला फुकट शिकवला," असं म्हणायचात. शिकवलातच की! तुमचे साहेब चिठ्ठीवर लस लिहून द्यायचे आणि तीच सरकारी लस मागच्या दाराने विकायचे, तुम्ही खरं सांगितलंत आणि बदली तुमचीच झाली. तेव्हापासून जेवताना एकच वाक्य ऐकवायचात, "लिहिणारा आणि विकणारा एकच असला, की समजून जायचं." मला त्या वाक्याचा केवढा अभिमान होता, आप्पा!

दोन महिन्यांपूर्वी रंगरावाला पहिल्या तपासणीला नेलं. भोकं पाडलेला डबा मांडीवर घेऊन बसने डब्लिनपर्यंत. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "हाउज युअर मॅन?" मी गंभीरपणे सांगितलं, "माझं लग्न झालेलं नाही." ती खुर्चीवरून पडायचीच राहिली. इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गडी'. ती रंगरावाचीच चौकशी करत होती!

डॉक्टर बाईंचं नाव ईफा. तिने बराच वेळ त्याला हातच लावला नाही. फांदी कशी धरतो, डोळे कसे फिरवतो, नुसती बघत बसली. माझा संशय तिथेच जागा झाला. तुम्ही तर जनावराच्या पोटाला कान लावायचात! मग तिने छोट्या काट्यावर वजन घेतलं, तोंड उघडून पाहिलं, जंतांसाठी शी तपासली आणि म्हणाली, "ही इज ग्रँड." मला वाटलं, ग्रँड म्हणजे एकदम झकास. पण दिवा किती जुना आहे ते विचारून लगेच म्हणाली, "त्याचा दिवा मात्र बदल. उजेड दिसतोय, पण हाडांना लागणारे किरण संपलेत त्यातले." माझ्या हातात एक कागद दिला. बाहेर आले, तर तसलेच दिवे काउंटरमागच्या फळीवर मांडलेले!

तब्येत झकास, तरी दिवा घ्या? तुमचा आवाज अगदी कानाशी आला हो. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि निघाले.

दिवा नको, ऊन आहे ना! पिंजरा खिडकीला लावला. बाकी सगळं केलं. पानांवर पाणी फवारलं, त्याच्या खाण्यातल्या रातकिड्यांना कॅल्शियमची पावडर चोपडली. माझ्यासोबत भाड्याने राहणारी शिवॉन म्हणाली, "डॉक्टरने दिवा सांगितला होता ना?"

"तिला खपवायचेत."

"तू सगळ्यांनाच चोर समजतेस का गं?"

"ऑफिसात, हो."

"मी ऑफिसाबद्दल विचारलंच नाही."

गेल्या आठवड्यात रंगरावाचे पाय थरथरायला लागले. जीभ किड्यापर्यंत पोचेना. काल तो फांदीवरून घसरला आणि खालीच पडून राहिला. आज सकाळी धावत ईफाकडे गेले. एक्स-रेमध्ये त्याची हाडं धुरासारखी पुसट दिसत होती, आप्पा. पुढचा एक पाय वाकलाय.

"खिडकीच्या काचेतून ऊब येते, ते किरण येत नाहीत," ईफा म्हणाली. "आणि ग्रँड म्हणजे 'ठीक आहे, चालेल' इतकंच. इथे पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो!"

मला तेव्हाही राहवलं नाही. विचारलंच, "पण दिवा तुमच्याकडूनच घ्यायचा होता ना?"

"मी कधी म्हटलं? कागदाच्या मागे लिहिलंय, कुठलंही दुकान चालेल."

कागद पिशवीतच होता. उलटून पाहिला. लिहिलं होतं. कागद तपासण्याचा पगार घेते मी, आप्पा, आणि तो एक कागद उलटून पाहिला नव्हता! संशय घेतला, तपासलं काहीच नाही.

परतीच्या बसमध्ये मला तुमच्या आजारपणातला तो फोन आठवला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि लॅब त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. तुम्ही न करताच घरी आलात. "लिहिणारा आणि विकणारा," एवढंच म्हणालात आणि मी इकडून हसून म्हणाले, "बरोबर आहे आप्पा, नका करू." आई मागून ओरडत होती, "अगं, तू सांग, तुझं ऐकतील ते!" मी नाही सांगितलं. दुसऱ्या लॅबमध्ये करून या, एवढंच म्हणायचं होतं. का नाही सुचलं मला? आणि तुम्हाला तरी का नाही सुचलं? ज्यांच्यावर संशय होता त्यांच्याकडे नका जाऊ, पण दुखणं तर तुमचंच होतं ना! ते तर खोटं नव्हतं!

तेव्हा केल्या असत्या तर तुम्ही वाचला असता का, ते मला माहीत नाही. ते न कळणंच मला छळतंय.

ईफा म्हणते, रंगराव लहान आहे, हाडं अजून भरतील. पाय कदाचित वाकडाच राहील. ड्रॉपरने कॅल्शियम पाजायचं, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं. नवा दिवा लावलाय. त्याच्याखाली तो एका बाजूने अंग काळपट करून बसलाय, ऊब घेत.

आणि आईचे पाय सुजतात हल्ली. तपासणीचं नाव काढलं, की तुमचंच वाक्य माझ्या तोंडावर फेकते आणि फोन ठेवते. सुट्टी टाकली आहे, पुढच्या महिन्यात येते आहे. एका लॅबवर तिचा विश्वास नसला तर दुसरीत नेईन, दोन्हीवर नसला तर तिसरीत. तुमची शपथ घालेल, रडेल, तुमच्या फोटोपुढे जाऊन बसेल. तिथून उठवून नेईन. तुम्ही रागावलात तरी चालेल. हे वचन आहे, आप्पा.

तुमचीच, पण यापुढे तुमचंही तपासून घेणारी,
प्रणाली