काठाजवळचं माप

|| श्री मन्मथस्वामी प्रसन्न ||
तेलगाव

चि. सोमनाथराव यांस मन्मथप्पाचा शरणार्थ.

तुमच्या अक्कांचे गुडघे, माझं पित्त आणि आपलं कापडदुकान ही तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. तुमची कोकणातली बदली अजून रद्द झालेली दिसत नाही, म्हणजे तब्येत उत्तमच असणार. ('समुद्रात बघण्यासारखं काय असतं?' असं मी तेव्हा म्हणालो होतो, ते विसरावं.)

तुमची भाची रुद्राणी पुण्याच्या एका संस्थेसाठी घरी बसून समुद्राची उंची मोजते. तेलगावात बसून! उपग्रह आठशे किलोमीटरवरून खाली रडारची लहर सोडतो आणि ती पाण्यावर आपटून किती वेळात परत येते, त्यावरून पाणी किती वर आहे ते कळतं. भर समुद्रात हे छान जमतं. किनाऱ्यापाशी मात्र त्याच लहरीत खडक, वाळू सगळं मिसळून येतं आणि आकडा बिघडतो. तिचे साहेब म्हणतात, शेवटचे दहा किलोमीटर टाकून द्या. ती म्हणते, माणसं तर तिथंच राहतात. दोन वर्षं खपून तिने तो बिघाड काढायची रीत बसवली आहे. (हे तिने मला दहा वेळा समजावलं. अकराव्यांदा मी समजलो म्हणालो.)

आपल्याकडे पाणी मोजतात टक्क्यांत. माजलगावच्या धरणाचा टक्का कळल्याशिवाय कुणाला चहा गोड लागत नाही. परवा तलवाड्याचे पुढारी बद्रीनाथराव मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात आले. रुद्राणी तिथंच लॅपटॉप घेऊन बसलेली. त्यांनी विचारलं, "पोरी, यंदा समुद्र किती टक्के हाय?" समुद्राला टक्के नसतात म्हटल्यावर, "मग दरवाजे कवा उघडतेत?" तिने बिचारीने सगळं समजावलं. त्यातलं त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं, की काठाजवळ माप चुकतं. झालं! बांधलेला बस्ता सोडायला लावून त्यांनी साडी न् साडी पुन्हा मोजून घेतली. चाळीस वर्षांत माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, सोमनाथराव. प्रत्येक तुकडा दोन बोटं जास्तच भरला, तरी जाताना म्हणतात, "काठाजवळ बघून घेतलेलं बरं, आप्पा."

माझं डोकं फिरलं. असलं काम बंद पडलेलंच बरं, असं मी पोरीला तोंडावर बोललो. ती त्या दिवशी जेवली नाही. मग मलाही जेवण गेलं नाही. बाकी सर्व क्षेम.

तुमचा दाजी,
मन्मथप्पा

ता.क. किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा तिच्या आकड्याशी या महिन्यात जुळला, तरच साहेब तिची रीत ठेवणार, नाहीतर दोन वर्षं वाया. उपग्रह सत्तावीस दिवसांनी एकदा तुमच्या गावावरून जातो. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी धक्क्याच्या कडेपासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आहे.

ता.क. २. तुम्ही मोजू नका, तुम्ही अंदाजपंचे लिहाल. बुधवारी मीच येतो, दुकानातला लोखंडी मीटर घेऊन. त्यावर वजनमापवाल्यांचा यंदाचा शिक्का आहे, उपग्रहावर आहे का? रुद्राणीला कळवू नका. मी सुरतेला माल आणायला चाललोय असं तिला सांगितलंय.

ता.क. ३. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. निघण्याआधी फोनवर एवढंच सांगा (तुमच्या अक्कांना नको, मलाच): सध्या किती टक्के आहे?