शाखा बदलण्याचा अर्ज

प्रिय ठकूबाई,

...तर शनिवारी सकाळी मी नेहमीसारखी धुणं भिजवत होते. पांढरे कपडे वेगळे केले, कॉलरी घासल्या आणि तुझ्या प्रयोगशाळेच्या कोटाचे खिसे उलटे केले. तुझ्या बाबांच्या खिशातून स्क्रू निघायचे, तुझ्या खिशातून चुरगळलेला कागद निघाला. शाखा बदलण्याचा अर्ज; संगणक अभियांत्रिकीतून संगणकशास्त्रात. नाव भरलेलं, बाकी कोरा, मुदत या शुक्रवारपर्यंत. मी तो तुझ्यापुढे धरला, तर तू चहात बिस्कीट बुडवत म्हणालीस, “राहू दे गं आई. बाबांची शेवटची इच्छा होती ना, मग झालं.” बिस्कीट मोडून चहात पडलं, तू ते चमच्याने काढत बसलीस. आज बुधवार. समोर बसून बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्हा बापलेकीची कशी जुंपायची! पंख्याच्या जळलेल्या मोटरला नवी तार गुंडाळता गुंडाळता बाबा म्हणायचे, “ज्या कामाला पेचकस लागत नाही, ते कसलं काम?” तू म्हणायचीस, “बाबा, तुम्ही पंखा उघडून सांगता, मी न उघडता सांगेन.” त्याच महिन्यात विद्यापीठाची माहितीपुस्तिका आमच्या बाइंडिंगखान्यात शिवायला आली. मालक ओरडत राहिले, की बाई, आधी शिवा, मग वाचा. पण माझी सवय तुला ठाऊकच आहे. छापील पानांचे फर्मे जुळवत मी संगणकाचे तिन्ही अभ्यासक्रम वाचून काढले. माहिती तंत्रज्ञान म्हणजे कचेऱ्यांची यंत्रणा चालती ठेवणं. अभियांत्रिकी यंत्राच्या पोटात शिरते. आणि शास्त्र विचारतं, की अमुक प्रश्न कुठलंही यंत्र सोडवू शकेल का, आणि किती पायऱ्यांत. ते वाचताना मला तूच दिसलीस. लहानपणी जिने न चढता पायऱ्या मोजून सांगायचीस, तशी. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. हे मुद्दाम लिहिते.

एकच अडचण होती. अभियांत्रिकी इथे, दोन थांब्यांवर. शास्त्र विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात, आठ तासांच्या अंतरावर.

आता तुझी बोटं सोल्डरिंगच्या चटक्यांनी भरली आहेत. दोन विषय राहिलेत. तुझ्या वहीत सर्किटच्या आकृत्या अर्ध्यावर सोडलेल्या असतात आणि समासात मात्र बारीक अक्षरात गणितं उतरलेली. मला ती कळत नाहीत, पण तिथलं तुझं अक्षर सरळ असतं, एवढं दिसतं. आधी जेवताना बडबडायचीस, आता ताट उचलून आत जातेस. मी मनाला समजावत राहिले, की बापाचं दुःख आहे, ओसरेल. माझं ओसरलं नाही, पण मी कामाला लागले ना, तशी तीही लागेल. स्वतःला फसवायला माणसाला फार शहाणपण लागत नाही.

अर्ज इस्त्री करून तुझ्या टेबलावर ठेवला आहे. तो भर. मी एकटी राहीन का, जेवेन का, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. माफी मागत नाही. मागितली तर मला सांभाळायचं कामही तुझ्याच गळ्यात पडेल. फक्त जे झालं ते सांगते. बाबा गेले त्या मंगळवारी तू शाळेतून दाखला आणायला गेली होतीस. मी उशीचा अभ्रा बदलत होते. त्यांना दम पुरत नव्हता, तरी थांबत थांबत बोलले, “मला माझ्या धंद्याला वारस हवा होता, म्हणून हटून बसलो. तिला तिचं शास्त्र घेऊ दे. तू सांग तिला.” मी हो म्हटलं. संध्याकाळी ते गेले. एका आठवड्यात घरातून दोन माणसं जाणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी, आलेगेले उठल्यावर, तू माझ्याजवळ बसून विचारलंस, की बाबा माझ्याबद्दल काही बोलले का. मी तुझे केस मागे सारले आणि सांगितलं, की अभियांत्रिकीच घे म्हणाले.

तुझीच,
आई