न नेलेलं पाकीट

३ मार्च, सोमवार
दुकान नऊला उघडलं. चिठ्ठ्या बऱ्याच होत्या. दुपारी हिच्या नावाचं पाकीट पुन्हा निघालं. हृदयाच्या गोळ्या, महिन्याच्या. ही जाऊन पाच महिने झाले, पण चिठ्ठी वर्षभराची आहे आणि कॉम्प्युटर दर महिन्याला आपोआप लेबल काढतो. लेबल निघालं की गोळ्या भरणं माझं काम. टेक्निशियनने डोकं चालवायचं नसतं. भरल्या.
तपासून सही फार्मासिस्टने करायची. आधीचे साहेब सही करताना वर बघत नसत. नव्या मॅडम बघतात, पण आमचं आडनाव गावात पोत्याने सापडतं, त्यामुळे त्यांना कळायचं कारण नाही. पाकीट न्यायच्या औषधांच्या फळीवर ठेवलं.
संध्याकाळी माझ्या फोनवर मेसेज. आपले औषध तयार आहे. हिच्या नावापुढे नंबर माझा दिलेला. हिला मेसेज वाचायचा कंटाळा.
चूक कॉम्प्युटरची आहे. उद्या नाव काढून टाकतो.

४ मार्च
काढलं नाही. गर्दी.
एका गृहस्थांनी विचारलं, ही गोळी जेवणाआधी की नंतर? मला चांगलं माहीत आहे. पण सांगायचा अधिकार फार्मासिस्टचा. मॅडमकडे बोट दाखवलं. म्हणाले, मग तुम्ही इथे काय करता? म्हटलं, मोजतो. बायकोला म्हणाले, चल गं, हे मोजणारे, बोलणारे तिकडे बसतात.
आक्काचा फोन. दोन दिवस राहायला ये म्हणाली. म्हटलं, मी अगदी व्यवस्थित आहे. म्हणाली, व्यवस्थित माणूस पहिल्या रिंगला फोन उचलत नाही. मोठी बहीण आहे, म्हणून ऐकून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार
आज बसलोच. नाव काढायचं तर कॉम्प्युटर कारण विचारतो. तीन पर्याय. औषध बंद, दुसऱ्या दुकानात गेले, निधन. मी मधला निवडला. त्यातल्या त्यात बरा वाटला. तर म्हणे कोणत्या दुकानात? पत्ता भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही!
हे ज्याने बनवलं त्याला एक दिवस काउंटरवर उभा केला पाहिजे. कंपनीला तक्रार करणार. कडक शब्दांत.

१० मार्च
तक्रार लिहिली नाही. 'माननीय' पर्यंत गेलो होतो.
नेमकी हीच गोळी सध्या बाजारातून गायब. होलसेलर म्हणतो, आठवडा लागेल. खरं म्हणजे न नेलेलं पाकीट आम्ही काही दिवसांनी परत साठ्यात घालतो. दुकानाबाहेर गेलेलं नसतं म्हणून चालतं. हिचं मी दर महिन्याला असंच घालतो. पण या वेळची ठेवायची मुदत शुक्रवारी संपते. तोपर्यंत फळीवर राहील. मुदतीआधी काढणं बेशिस्तीचं दिसेल.

१२ मार्च, बुधवार
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
सकाळी एक बाई आली. सासऱ्यांसाठी तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची. कॉम्प्युटर साठा शून्य दाखवत होता. नाही म्हणून सांगितलं. म्हणाली, दादा, नीट बघा ना, सगळी दुकानं पालथी घातली, शेवटची गोळी काल दिली त्यांना. मी पुन्हा बघितलं. शून्यच होतं. खोटं बोललो नाही. फळीवरचं पाकीट दुसऱ्या पेशंटचं. एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा.
मॅडमनी फळी चाळली. म्हणाल्या, काका, या कोणी बाई आहेत, त्यांनी अजून नेलेलं नाही. फोन करून विचारते, नको असेल तर यांना देऊ. म्हटलं, मी करतो. म्हणाल्या, राहू दे, लावलासुद्धा.
माझ्या खिशात वाजला.
तसाच वाजू द्यायचा होता. उचलला. पहिल्याच रिंगला. मॅडम समोर उभ्या, हातभर अंतरावर. माझ्याकडे बघत फोनमध्येच म्हणाल्या, काका, नेणार आहात का? मीही फोनमध्येच म्हटलं, नाही.
जुनं लेबल काढून सासऱ्यांच्या नावाचं लावलं. मॅडमनी तपासलं, गोळी कशी द्यायची ते समजावलं. बाई जाताना मला म्हणाली, मघाशी नव्हतं, आता कुठून उगवलं? मॅडमकडे बघितलं. हे सांगायचा अधिकारही फार्मासिस्टचाच असावा.
ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, घरच्या माणसाचं औषध आपण भरायचं नसतं, तुम्हाला मी सांगायला हवं का? म्हटलं, चूक कॉम्प्युटरची आहे. म्हणाल्या, काका, कॉम्प्युटर उठून फळीवर पाकीट ठेवत नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, ती नोंद तुम्ही करता की मी करू?
म्हटलं, मी करतो.

१३ मार्च
दुकान बंद व्हायच्या आधी केलं. शेवटचा पर्याय. तारीख विचारली, ती भरली. खात्री आहे का, असं विचारतो. हो म्हटलं. पुन्हा तेच विचारतो. पुन्हा हो म्हटलं. नाव गेलं.
मॅडम पाठ करून गोळ्या मोजत होत्या. मोजणं माझं काम. मोजू दिलं.
घरी आलो. दूध तापत ठेवलं आणि समोरच उभा राहिलो. वर येताना दिसत होतं. उतू गेलं. गॅस बंद केला, ओटा पुसला.