अट क्रमांक चार

३ फेब्रुवारी, मंगळवार

बोरगाव मेघे. भाड्याच्या घराला 'कॅम्प ऑफिस' म्हणायचं ठरलं. पुढच्या खोलीत मी. मधल्या खोलीत वानखेडे, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतून उसने आणलेले अधीक्षक (यापुढे वा.). स्वयंपाकघरात फायली, ओट्यावर टपाल. सिंकमध्ये काही ठेवू नये अशी चिठ्ठी वा.नी लावली आहे, कारण नळ टपकतो.

देशाची नवी वैज्ञानिक संगणन प्रयोगशाळा म्हणे इथून उभी राहायची आहे. कारंजाच्या अलीकडे हायवेला लागून जागा मिळाली आहे. तिथे सध्या कुंपण, एक फलक आणि फलकाच्या सावलीत उभे राहणारे ट्रक. मला पुण्याहून पाठवलं ते आराखडा करायला आणि पहिली सहा माणसं नेमायला. तीस वर्षं हवामानाची समीकरणं सोडवली, माणसं कधी नेमली नाहीत. शिरीष फोनवर म्हणाला, "बायको, तुला घरात पोळ्यांची बाई ठरवता येत नाही." खोटं कुठे आहे. ती दरवेळी त्यानेच ठरवली.

६ फेब्रु., शुक्र.

दिल्लीहून मंजूर पदांची यादी आली. वैज्ञानिक अधिकारी १, तांत्रिक सहायक ३, लिपिक १, प्राणिगृह परिचर १.

प्राणिगृह! दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आमच्याकडे जनावरं कुठली? वा. अजिबात दचकले नाहीत.

"जुन्या कोन्त्या लॅबची यादी उचलली असन, मॅडम. नाव बदललं, पदं राह्यली."

"मग कळवू या की हे पद नको."

"भलतंच! मंजूर पद एकदा नाई म्हनलं तं पुन्हा भेटत नाई. भरून टाकू. मानूस आला का काम सापडते."

म्हणजे माणूस आधी की उंदीर आधी, हे मला अजून कळलेलं नाही. दिल्लीच्या कॉपीबहाद्दरांवर दिवसभर हसले. शिरीषलाही वाचून दाखवलं.

९ फेब्रु., सोम.

जाहिरात गेली. वा.नी एका जुन्या भरतीची जाहिरात नमुना म्हणून दिली, तिच्यावरच बेतली. चार अटी, एकवीस दिवसांची मुदत. अर्ध्या तासात मसुदा तयार, खाली हिरव्या शाईत सही. हे भरतीचं काम लोक उगाच अवघड म्हणतात.

१७ फेब्रु., मंगळ.

अल्लीपूरहून एक बाई बसने आल्या. करुणा गजभिये, वय चव्वेचाळीस, तिकडच्या कॉलेजात गणित शिकवतात. पंधरा वर्षं 'तासिका तत्त्वावर', म्हणजे जितके तास शिकवलं तेवढेच धरायचे, बाकी वेळ आणि उन्हाळाभर तुम्ही कोणी नाही. वैज्ञानिक अधिकाऱ्याच्या पदासाठी अर्ज केला आहे. प्रयोगशाळा कसली, एवढंच विचारायला आल्या होत्या.

सांगायला बसले आणि पाऊण तास बोलत राहिले. निघताना त्यांना माझंच अडलेलं गणित दिलं. मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस असताना यंत्रांच्या लांबट हॉलमध्ये उष्णता कशी पसरेल, ते. परीक्षा म्हणून दिलं असं भासवलं. खरं तर मला ते सुटत नव्हतं.

२० फेब्रु., शुक्र.

सोडवून आणलं.

कॉलेजने मोडीत काढलेले नऊ संगणक एकमेकांना जोडून त्यावर. माझी चूक तिसऱ्या पानावर होती, ती त्यांनी पेन्सिलने हळूच गोल करून ठेवली होती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी मला प्रश्न विचारला.

"मॅडम, लाइट गेल्यावर तुमचा हिशोब कुठून सुरू होते?"

म्हटलं, जनरेटर आहे आराखड्यात.

"तो सुरू व्हाले अर्धा मिनिट तं लागतेच. तेवढ्यात तीन दिवसाचं काम जाते. मी आता प्रोग्रामलेच सांगून ठेवलं, दर दहा मिनिटाले कुठवर आला ते आपला आपन लिहून ठेवजो."

हे तंत्र मला माहीत नव्हतं असं नाही. पण आराखड्याच्या एकशे दहा पानांत मी एक ओळही त्याला दिली नव्हती, कारण पुण्याच्या आमच्या इमारतीत लाइट गेलेलं मला आठवत नाही. सातवं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे. इतका आनंद गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता. माणूस सापडला. बाकी पाच कोणीही येवोत.

५ मार्च, गुरु.

छाननीचा तक्ता. करुणा गजभिये यांच्या नावापुढे: अपात्र.

वा.ना आत बोलावलं. अट क्रमांक चार, 'किमान पाच वर्षे पूर्णवेळ नियमित सेवेचा अनुभव'. तासिकेचे दिवस त्यात बसत नाहीत. पंधरा वर्षांचं शून्य.

मी भडकले. "ही अट घातली कोणी? कुठल्या शहाण्याने?"

वा. स्वयंपाकघरात गेले, फाईल आणली, पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मसुदा माझा. सही माझी, हिरवी, चांगली ठसठशीत. जुनी जाहिरात कुठल्याशा कारखान्यातल्या फोरमनच्या पदाची होती. त्यातली चौथी अट मी वाचलीसुद्धा नव्हती, तशीच उतरवली होती. आणि महिनाभर दिल्लीला हसत होते.



६ मार्च, शुक्र.

वा.नी ओट्याशी चहा घेत सगळं समजावून सांगितलं. समजलं, पण डोकं गरगरतं आहे, म्हणून लिहून ठेवते.

अट बदलायची तर शुद्धिपत्रक काढावं लागेल. त्याला दिल्लीची मान्यता हवी. मग पुन्हा एकवीस दिवस, पुन्हा छाननी, मग मुलाखती. पण पदांची मंजुरी ३१ मार्चपर्यंतच. त्या दिवशी जी भरलेली नसतील ती व्यपगत, म्हणजे मेली.

"एक पद बाजूला ठेवू या. बाकी पाच भरू."

"जाहिरात एकच हाय, मॅडम. तिचे तुकडे पाडता येत नाईत."

म्हणजे २४ला ठरलेल्या मुलाखती होऊ दिल्या तर पाच-सहा माणसं लागतील, प्रयोगशाळा सुरू होईल, आणि तिला जिची गरज आहे तीच बाहेर राहील. चूक सुधारायला गेले तर सहाही पदं टांगणीला. नवीन मंजुरी आलीच तर पावसाळ्यानंतर. वयाची मर्यादा पंचेचाळीस, आणि गजभियेंना जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होतात.

"यात बरोबर काय, वानखेडे?"

"बरोबर तं दोनी हाय. म्हनूनच अवघड हाय."

९ मार्च, सोम.

क. आल्या होत्या. (आता पूर्ण नाव लिहीत नाही, सारखं लिहावं लागतं.) यादीत नाव नाही, का ते विचारायला. रडणं-भेकणं काही नाही, वही-पेन काढून बसल्या, जणू कारण लिहून घेणार आहेत.

"चौथी अट आहे," मी म्हटलं. "पूर्णवेळ अनुभवाची."

"दिल्लीची अट काय?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले. मग म्हणाले, "हो, म्हणजे... सगळं तिकडूनच येतं."

का म्हणाले? कोणी मारत होतं का मला? सत्तावन्नाव्या वर्षी परीक्षेत कॉपी करून, वर शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे बोट दाखवल्यासारखं. तिने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं, ते वाकून बघायची हिंमत झाली नाही.

११ मार्च, बुध.

वा.कडे एक वाट आहे. कॉलेजच्या प्राचार्यांनी दाखला द्यायचा, की बाईंचं काम पूर्णवेळच होतं. "एका पानाचं काम हाय. सगळेच घेतात. आन् खोटं काय त्याच्यात? सकाळी जाते, संध्याकाळी येते, पूर्णवेळ नाई तं काय?"

मी नको म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. क.ना फोन केला आणि म्हटलं, कॉलेजकडून काही दाखला मिळतोय का बघा. काही. कसला ते बोलले नाही. माझ्या चुकीवर तिचा कागद चिकटवायचा, हिशोब एवढाच आहे, आणि तो मला फोन ठेवल्यावर दिसला.

१३ मार्च, शुक्र.

आल्या, रिकाम्या हाताने. प्राचार्यांनी दाखला टाइप करून ठेवला होता म्हणे, सहीसुद्धा झाली होती. त्यांनी घेतला नाही.

"आमी चाळीस जनं कोर्टात गेलो आहो, मॅडम. आमाले मुद्दाम तासिकेवर ठेवलं, पूर्णवेळ कधी होऊच देलं नाई, हेच तं आमचं म्हननं हाय. प्रतिज्ञापत्रावर पयली सही माही हाय. आता त्याच कॉलेजचा कागद आनून मी म्हनू का मी पूर्णवेळ होती? कॉलेजचा वकील तोच कागद कोर्टात दाखवन. मंग त्या चाळीस जनाईचं काय?"

मला हे ठाऊक नव्हतं. प्राचार्यांना मात्र पक्कं ठाऊक असणार, म्हणून तर इतक्या तत्परतेने सही झाली. वा.चा चेहरा उतरला. "हे आपल्या ध्यानातच नाई आलं, ताई," असं दोनदा म्हणाले.

निघताना क. म्हणाल्या, "तुमचा राग नाई, मॅडम. तुमी तं मदतच करून राह्यल्या. दिल्लीवाल्याईले काय माहीत तासिका म्हंजे काय असते ते."

इथे सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेले, पायरीही उतरले, आणि विचारलं काय, तर बस किती वाजता आहे.

१६ मार्च, सोम.

टिपणी लिहिली. तीन मसुदे फाडले. शेवटी: 'अट क्र. ४ ही अधोस्वाक्षरीकर्तीच्या दुर्लक्षामुळे समाविष्ट झाली आहे. पदाच्या कामाशी तिचा संबंध नाही. शुद्धिपत्रकास मान्यता द्यावी व पदांना मुदतवाढ मिळावी.'

वा. हबकले. "फायलीत आपली चूक आपल्या हातानं कोनी लिहित नाई, मॅडम! 'असे निदर्शनास आले आहे' लिहा. कोनाच्या, कसं, ते लिहाचंच नाई. तीस वर्षं झाली मले, एक पन असा कागद पाह्यला नाई."

"मग आता बघा."

गेली टिपणी दिल्लीला. हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नाही. दुपारी यवतमाळच्या एका उमेदवाराचा फोन आला, तांत्रिक सहायकासाठी अर्ज केला आहे. मुलाखत नक्की ना, इथली नोकरी सोडतोय म्हणाला. सोडू नका इतक्यात, एवढंच सांगू शकले. एकीला न्याय द्यायला पाच जणांना लटकवलं की काय मी? आणि न्याय तरी का म्हणतेय? मला ती हवी आहे, सातव्या प्रकरणासाठी. दोन्ही एकदम खरं असू शकतं का?

२० मार्च, शुक्र.

उत्तर नाही. काल पाडवा होता. वा.च्या घरून श्रीखंड-पुरी आली. मुलाखत समितीवाले तिकिटांबद्दल विचारत आहेत, त्यांना कळवते, कळवते म्हणते.

क.चा फोन नाही. उष्णतेच्या गणिताचा सुधारलेला भाग मात्र ईमेलने पाठवला आहे, न मागता. खाली फक्त 'तुमच्या कामी पडेल'.

२४ मार्च, मंगळ.

मुलाखती स्थगित केल्या. माझ्या अधिकारात हे बसतं की नाही, वा.ना माहीत नाही, मलाही नाही. शिरीष म्हणाला, परत ये, तुझं काय अडलंय तिथे? रागाने मीच फोन ठेवला.

३० मार्च, सोम.

उत्तर आलं. वा.नी एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने: 'शुद्धिपत्रकास मान्यता देण्यात येत आहे. पदांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव स्वतंत्रपणे सादर करावा.'

"म्हणजे?"

"म्हंजे अट सुधारली. पदं उद्या मरतात."

"आणि प्रस्ताव?"

"आज मेल करतो नं. मंजूर झाला तं पदं जिती. नाई झाला तं चांगली सुधारलेली जाहिरात हाय आपल्याजवळ." हसले ते. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. वा.नी सभ्यपणे स्वयंपाकघर गाठलं.

प्रस्ताव दुपारी तीनला गेला. चारला क.ना फोन लावला. म्हटलं, अट काढली आहे, पुन्हा अर्ज करा.

"पद हाय काय पन, मॅडम?"

"उद्यापर्यंत आहे. पुढचं खरंच माहीत नाही."

"बरं. भरते." मग आवाजात हसू: "पंधरा वर्षांत पयल्यांदा कोन्या कागदानं आपली अट मागं घेतली. दिल्लीत बी चांगले लोक आहेत म्हनायचे."

"करुणाताई," मी म्हटलं, "अट दिल्लीची नव्हती. मी लिहिली होती. न वाचता उतरवली. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले."

हॅलो म्हटलं, पुन्हा हॅलो. फोन बंद झाला होता. त्यांनी ठेवला की अल्लीपूरची रेंज गेली, कळायला मार्ग नाही. तिथे रेंज जाते, हे वा.नीही सांगितलं.

परत लावला नाही. सहा वाजले, अजून लावलेला नाही.