झाडावरचं एक सफरचंद

जुळे सोलापूर,
गुरुवार, ११ जून

तीर्थस्वरूप गुरुसिद्धप्पा मामांस,

शिवानंदचे शरणु शरणार्थी आणि साष्टांग नमस्कार (गुडघा धरला असल्यामुळे साष्टांग तूर्त कागदावरच).

तुमची तब्येत कशी आहे? नवी कवळी बसली का? मामी सांगत होत्या की तुम्ही ती डबीत घालून देवघरात ठेवली आहे आणि भाकरी दुधात कुस्करून खाता. कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्यांना ज्यानं वठणीवर आणलं, त्यानं चार बोटांच्या कवळीपुढं हात टेकावेत हे मला पटलेलं नाही. असो. इकडे सर्व ठीक. आईची साखर ताब्यात आहे, भुवनेश्वरीची मान दुखायची थांबून आता खांदा दुखतो, आणि आमची सिद्धेश्वरी कॉलेजच्या परीक्षेतून सुटली आहे.

घरात चार फोन असताना पत्र का, असं तुम्ही विचाराल. आईला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ऐकू कमी येतं असं ती म्हणते, पण तुमच्याशी फोनवर बोलायला लागलो की ती हातातली भाजी टाकून माझ्या शेजारी येऊन बसते. तुम्ही तिकडून फोनचा आवाज मोठा करता, त्यामुळे श्रीपुरातल्या अर्ध्या कॉलनीला आमच्या घरचं सगळं कळतं. हे प्रकरण कॉलनीला कळण्यासारखं नाही. म्हणून लिहितो आहे, आणि वाचून झाल्यावर पत्र कपाटात ठेवावं ही विनंती.

गेल्या जानेवारीत सिद्धेश्वरीनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. अक्कलकोट रस्त्याला तिप्पण्णा नावाच्या शेतकऱ्यानं सफरचंदाची बाग लावली आहे. तिकीट काढायचं, आत शिरायचं आणि झाडावरून स्वतःच्या हातानं फळ तोडायचं. सोलापुरात सफरचंद म्हटल्यावर मी पोट धरून हसलो. आई हसली नाही. म्हणाली, "मला न्ये की रे एकदा. माज्या हातानं एक तोडायचंय." मामा, आई काही मागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. साडी आणली तर बदलून द्यायला लावते, डॉक्टरकडे नेलं तर माझीच तपासणी करून घे म्हणते. तिनं तोंड उघडून काही मागितलं, म्हणजे ते झालंच पाहिजे, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. (खरं तर सफरचंद ती खातही नाही, काशीला सोडून आली आहे. त्याच यात्रेत तुम्ही कारलं सोडलंत, जे तुम्ही जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं, हे मामी अजून पाहुण्यांना सांगतात.) खायचं नाही तर तोडायचं कशाला, असं भुवनेश्वरीनं विचारून पाहिलं. आई म्हणाली, "हाय माजं काम." तेव्हा मी विषय बंद केला.

पहिल्यांदा आम्ही गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत गेलो. शेजारच्या मकदूमभाईंची व्हॅन घेतली. आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. बागेत पोचलो तर ओळीनं दीडशे झाडं आणि एकावरही पान नाही, फळाची गोष्टच सोडा. तिप्पण्णानं शांतपणे सांगितलं की फळ उन्हाळ्यात येतं, आत्ता झाडं झोपली आहेत. मग तिकिटं कशाला फाडली, असं विचारल्यावर त्यानं आम्हाला हुरड्याला बसवलं. हुरडा फार उत्तम होता, हेच मला जास्त लागलं, कारण तोंड भरलेलं असताना भांडता येत नाही. आई तेवढा वेळ एका झाडाची फांदी धरून उभी होती. परत येताना मकदूमभाईंनी गाडी चालवता चालवता तीनदा विचारलं, "शिवानंदभाई, झाडां तो हैं, सेबां किधर हैं?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्यांदा मी सावध होतो. कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, चौकशी केल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. मे महिन्यात आधी फोन करून विचारलं, फळ आलंय का. "आलंय की साहेब, लई आलंय." इथं मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. डोक्यावर त्रेचाळीस अंशाचं ऊन घेऊन पोचलो (उशीर भुवनेश्वरीमुळे झाला असं मी म्हणालो, माझ्यामुळे झाला असं ती म्हणते, आणि चष्मा माझाच हरवला होता). झाडांना फळं खरोखर होती, पण पोपटांपासून जपायला प्रत्येक फळ कागदी पिशवीत बांधलेलं. आत लिंबाएवढी हिरवी सफरचंदं. तोडायला मनाई. पंधरा दिवसांनी या, म्हणाला. आईनं एका पिशवीवरून हात फिरवला आणि ती सावलीत जाऊन बसली. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, पाच बाटल्या पाणी प्यायलो आणि घरी आलो. सिद्धेश्वरीनं पिशव्यांचे फोटो काढले, ते अजून तिच्या मोबाइलमध्ये आहेत.

घरात आता माझ्या विरोधात वातावरण तयार झालं होतं. भुवनेश्वरी म्हणाली, मार्केटमधून पेटी आणा आणि आईंच्या हातात द्या. पण मामा, पेटीतून काढणं आणि झाडावरून तोडणं यात फरक आहे. आईनं तोडायचंय म्हटलं आहे, काढायचंय म्हटलेलं नाही. मी पंधरा दिवस मोजले आणि सोळाव्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांना व्हॅनमध्ये बसवलं.

तिसऱ्या वेळी काय झालं ते लिहिताना माझा हात जड होतो आहे. आत शिरताच चार झाडांवर लालभडक सफरचंदं लटकत होती. मकदूमभाई म्हणाले, "माशाल्ला." आईनं चप्पल काढली, पदर खोचला, वर बघितलं आणि एका सफरचंदाला हात घातला. तिचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मी तो पूर्वी पाहिलेला नाही. तिनं ओढलं, पण फळ येईना. पिळलं, तरी येईना. मी मदतीला पुढे झालो, आणि मला देठाला बांधलेला पांढरा दोरा दिसला. निरगाठ मारलेली. फळाच्या पाठीवर दुकानातलं गोल लेबलसुद्धा होतं.

मी आईचा हात धरून खाली घेतला. म्हटलं, थांब, ही फसवणूक आहे. मग तिप्पण्णाला बोलावून सचोटी या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. इतर कुटुंबंही गोळा झाली आणि त्यांनीही आपापल्या फळाचे देठ तपासले. बिचारा म्हणाला की परवाच्या वादळानं सगळी बाग झोडपली, लोक लांबून लेकरं घेऊन येतात, त्यांना परत कसं पाठवायचं. "फळ खरं हाय की साहेब, झाडबी खरंच हाय. दोरा तेवडा आमचा." मी म्हणालो, दोऱ्यातच सगळं आलं. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

मागं वळलो तर आई व्हॅनमध्ये जाऊन बसली होती. "साकु," ती कानडीत म्हणाली आणि मग मराठीत, "बास झालं, घरी चल." वाटेत मकदूमभाईंनीही सेबांची चौकशी केली नाही. आज आठ दिवस झाले. आई जेवते, झोपते, देवाचं करते, पण माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलते. तिचा हात फळापर्यंत पोचला होता आणि तो मी खाली ओढला. भुवनेश्वरी म्हणते, तुम्ही जिंकलात. मला रात्रंदिवस वाईट वाटतं आहे.

तरीही मी हार मानलेली नाही. त्या बागेत पुन्हा जाणार नाही, पण आईच्या हातानं झाडावरचं सफरचंद तोडलं जाईल म्हणजे जाईल. तूर्त हवापालट म्हणून येत्या रविवारी आईला घेऊन आम्ही श्रीपूरला तुमच्याकडे येतो आहोत. मामींनी जास्त काही करू नये. साधं पिठलं चालेल.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा भाचा,
शिवानंद

ता. क. १ : तीन वर्षांपूर्वी तुम्ही परसात सफरचंदाचं एक रोप लावलं होतंत आणि ते उंच वाढलं आहे, असं मामी म्हणाल्या होत्या. त्याला फळ आलं असेल तर फारच उत्तम. आलं नसेल (आलं नसणारच, नाहीतर तुम्ही एव्हाना फोटो पाठवला असता), तर मामा, एक काम करावं. शनिवारी संध्याकाळी बाजारातून चांगलं सफरचंद आणून झाडाला बांधावं. आईचा हात पोचेल अशा फांदीला. लेबल काढून, ओल्या फडक्यानं डिंक पुसून. दोरा हिरवा घ्यावा, मामींच्या शिवणाच्या डब्यात असेल, आणि निरगाठ मारू नये, ओढल्याबरोबर सुटेल अशी सरगाठ मारावी. सचोटीविषयी वर लिहिलेला मजकूर वाचून न वाचल्यासारखा करावा. फळ खरं, झाड खरं, दोरा तेवढा आपला.

ता. क. २ : पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा फोडलं. आईनं आज भुवनेश्वरीला सांगितलं ते तुम्हाला कळवणं भाग आहे. तुम्ही सहा वर्षांचे असताना तुम्हाला टायफॉइड झाला होता. आजोबांनी सोलापुरातून तुमच्यासाठी एक सफरचंद आणलं, तुमच्या घरात आलेलं पहिलं. रात्री ते आईनं फडताळात बसून खाल्लं, बियांसकट, आणि सकाळी उंदरानं नेलं असं सांगितलं. तुम्ही तापात दोन दिवस उंदराला शिव्या देत होतात म्हणे. म्हणून तिनं काशीला सफरचंद सोडलं. पण सोडल्यानं परत दिल्यासारखं होत नाही, असं ती म्हणते. बाजारातलं दिलं तर ते दुकानदारानं दिलं. तिला स्वतःच्या हातानं झाडावरून तोडून तुमच्या हातात द्यायचं आहे. हे तुम्हाला माहीत आहे असं अजिबात दाखवू नये.

ता. क. ३ : आई समोर उभी राहून तुम्हाला ते पूर्ण खायला लावणार. फोडी करून, किसून किंवा दुधात कुस्करून चालणार नाही. तरी रविवारी कवळी घालून बसावं.